विकलेले रविवार

'मालकी बदलली आहे. आपल्या आठवणी सुरक्षित आहेत.'

आनंदवळणच्या बंद फाटकावरची ही पाटी श्रीरंग कासारने दोनदा वाचली. कोणी न विचारता 'सुरक्षित आहे' असं सांगायला लागलं, की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

सिन्नरजवळच्या या उद्यानाचा हा तिसरा मालक. पहिले वाघचौरे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवता बनवता त्यांना पाळण्यांचा नाद लागला आणि त्यांनी जिल्ह्यातला सगळ्यात उंच पाळणा उभा केला. ते थकल्यावर सिंगापूरच्या एका कंपनीने उद्यान घेतलं, चिंचेची झाडं तोडली आणि पाळण्याकडे जायच्या वाटेवर दुकानं थाटली. आता आली झेलॉन. हिला पाळणाही नको होता आणि दुकानंही. जमिनीवर गोदामं होणार होती. झेलॉनने खरी विकत घेतली ती ओढ.

ओढ हा त्या काळात प्रत्येक मोठ्या उद्यानाचा खरा ऐवज होता. फाटकावर येणाऱ्याला फुकट पन्हं मिळायचं. वाघचौरेंचाच रिवाज तो, आल्यागेल्याला कोरड्या घशाने आत सोडायचं नाही. पुढे त्या पन्ह्यात 'ओढकण' मिसळू लागले. डोळ्यांना न दिसणारे हे कण रक्तातून मेंदूत जात आणि त्या दिवशी तयार होणाऱ्या आठवणींना जाऊन चिकटत. फाटकावर एक गुंजन सतत चालू असे. ते कानाला ऐकू येत नसे, पण कणांना कळत असे. ते थरथरले की चिकटलेल्या सगळ्या आठवणी एकदम गोड होऊन उठत आणि माणसाला वाटे, पुन्हा यायला हवं. यात बेकायदा काही नव्हतं. सगळं तिकिटाच्या मागे छापलेलं होतं, मुंगीला चष्मा लावून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

श्रीरंग लिफ्ट दुरुस्त करायचा. प्राजक्ताशी त्याचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी शाल्मली नुकती बोलायला लागली होती. कोर्टाने सांगितलं, मुलगी आईकडे नाशिकला राहील, बापाने रविवारी भेटावं, दोघांपैकी कोणाच्याही घरी नको. मग दुसरं कुठे जाणार? ती आता पाचवीत होती आणि तिचे बापाबरोबरचे सगळे रविवार आनंदवळणमध्ये गेले होते. उद्यान बंद झाल्यावर तो तिला नाशिकच्या एका बागेत न्यायला लागला, आणि पोरगी बदलली. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, आणि मग घरी कधी जायचं ते विचारायची.

म्हणून तो फाटकाशेजारच्या कचेरीत आला होता. ओढकण ज्यांनी शोधले त्या डॉ. यामिनी रेगे खोक्यांमध्ये सामान भरत होत्या.

"डॉक्टर, मुलीला काय झालंय? शाळेत बरी असते, आईजवळ बरी असते. माझ्याजवळ आली की..."

"कंटाळते?"

"परकी होते."

रेगेबाईंनी त्याला खुर्ची दिली. "गुंजन बंद झालं ना, त्याचा परिणाम आहे. गुंजन मिळालं नाही की कण उलटे वागतात. आठवणीतला गोडवा शोषून घेतात. आठवण पुसत नाही, सगळं नीट आठवतं. पण भूगोलाचा धडा आठवावा तसं."

"सगळ्यांचंच असं होतं?"

"थोडंफार. एका पेल्याने फार बिघडत नाही."

श्रीरंग हळूच म्हणाला, "ती दोन प्यायची. मी कधीच प्यायलो नाही. आपल्या वाट्याचं पोराला द्यायचं, आमच्याकडे पद्धतच आहे. दर वेळी म्हणायचो, माझंही तूच पी."

बाईंच्या हातातली फाइल तशीच राहिली. असं काही त्यांच्या एकाही प्रयोगात आलं नव्हतं. कसं येणार? प्रयोगशाळेत आपला पेला लेकराला देणारा बाप नसतो.

"कण काढता येतात?"

"नाही. हलवता मात्र येते. ओढ." त्या सावकाश सांगू लागल्या. "आठवण काढली की ती थोडा वेळ ओली होते, नव्या कोब्यासारखी. कोणाचीही, तुमचीही. म्हणून तर दोन भाऊ एकाच लग्नाची हकिगत दोन तऱ्हेने सांगतात. आम्ही त्या ओल्या वेळात नवं गुंजन ऐकवतो, नवी चित्रं दाखवतो. आठवण पुन्हा घट्ट होते ती नव्या रूपात. याला आम्ही स्थलांतर म्हणतो. झेलॉनचं नवं उद्यान कोकणात आहे, समुद्राकाठी. तिथे करतात."

"मग करा की! चिंचेच्या जागी नारळ दिसला म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

"नुसती जागा बदलत नाही, कासार." बाई खिडकीकडे वळल्या. "वाघचौरे म्हणायचे, लोकांना पाळण्याची ओढ लागू दे. सिंगापूरवाले म्हणाले, दुकानांची लावा. झेलॉन म्हणते, पाळणे मोडतात, जमिनी विकल्या जातात, तेव्हा ओढ माणसाला बांधा. म्हणजे मुलांना हात धरून फिरवणाऱ्या त्यांच्या मुखवटेधारी सोबत्याला. भिंगरीकाका. पोशाखातला माणूस कोणीही असला तरी चेहरा तोच, आवाज तोच. मुलाच्या आठवणीत सगळ्यात जास्त गोडवा असतो तो धरलेल्या हाताचा. तो हात आम्ही बदलतो."

"आणि मी?"

"तुम्ही असाल ना. कुठेतरी बाकावर बसलेले."

श्रीरंग ताडकन उठला. "लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते," बाई म्हणाल्या. "प्रत्येक मालकाच्या वेळी वाटलं, मी सोडलं तर दुसरा कोणी येऊन याहून वाईट करेल. आता याहून वाईट काय असतं, ते मलाच सुचत नाही."

त्याने प्राजक्ताला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू ठरव, श्रीरंग. मी ठरवलं तर जन्मभर माझ्या नावाने खडे फोडशील."

त्याला राग आला, पण तिचं खोटं नव्हतं. स्थलांतर केलं नाही, तर शाल्मलीजवळ बाप राहणार होता आणि माया जाणार होती. केलं तर माया राहणार होती, बाप जाणार होता. सुरुवातीला त्याने ठरवून टाकलं, नाही म्हणजे नाही. माया काय, पुन्हा लावू. बाप आहे मी तिचा.

पुढच्या रविवारी बागेत त्याने विचारलं, "शामू, पाळणा वरच अडकला होता, तू घाबरली होतीस, आठवतं?"

"हो. तू गाणं म्हटलंस. मग मी रडायची थांबले." तिने हजेरी द्यावी तसं सांगितलं आणि चपलेने माती उकरत बसली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "बाबा, लहानपणी मला काहीच आवडायचं नाही का रे?"

श्रीरंगला रडू आलं. आपण हरवलो तर एक माणूस हरवेल, पण या पोरीचं तर अख्खं बालपणच नासत चाललंय, हे त्याला तिथेच कळलं. त्याने तिथूनच रेगेबाईंना होकार कळवला.

कोकणातल्या उद्यानात शाल्मलीला आत नेलं ते मरगळलेलं पोर होतं, बाहेर आली ती उड्या मारत. "बाबा, पाळणा समुद्रावर अडकला होता ना, तेव्हा भिंगरीकाकाने काय मस्त गाणं म्हटलं होतं!" असं म्हणून तिने ते म्हणूनही दाखवलं. शब्द सगळे श्रीरंगचे होते. तो 'वा' म्हणाला आणि बाकावर बसला.

आता रविवारची भेट तिथेच होऊ लागली. त्याने बरेच रविवार त्या बाकावर काढले. ती भेळ खायला त्याच्याकडे यायची, शहाण्या मुलीसारखी बोलायची आणि परत पळायची. शेवटी त्याने उद्यानात नोकरीसाठी अर्ज केला. लिफ्टची नव्हे, भिंगरीकाकाची. उंची पुरेशी होती, लगेच घेतलं. नियम सोपे होते. ओळख सांगायची नाही, कसलं वचन द्यायचं नाही. तशी वेळ येत नसेच. मुखवट्यातलं यंत्र आतल्या माणसाचा आवाज बदलून बाहेर सोडायचं, आणि नको ते वाक्य आलं की त्या जागी दुसरं बोलायचं.

पहिल्याच रविवारी साहेबांनी सगळ्या भिंगरीकाकांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, "घाबरू नका, पण झेलॉन विकली गेली आहे. नव्या मालकांना सोबती माणूस नकोय. दिवाळीनंतर काय ते कळेल." फाटक उघडायची वेळ झाली होती.

प्राजक्ताने मुलीला सोडलं. शाल्मली धावत आली आणि थेट त्याच्या कमरेला बिलगली. इतक्या महिन्यांनी तिचा तो भार अंगावर आला आणि मुखवट्याच्या आत श्रीरंगचे डोळे भरून आले.

"बाबा नाही आले आज," ती म्हणाली. "बरंच झालं. ते नुसते बघत बसतात. मला उगाच वाईट वाटतं." मग मान वर करून तिने विचारलं, "काका, तू दर रविवारी असशील ना?"

"असेन गं, शामू," श्रीरंग म्हणाला.

बाहेर ऐकू गेलं, "चला, पुढच्या खेळाला जाऊ या!"

शाल्मली खुदकन हसली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.