वजा हणमंत

गोदाकाठ माहितीशास्त्र संस्थेत अभावमापक बसवल्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत संस्थेच्या कँटीनमधला आवाज निम्म्यावर आला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे सगळ्यांना दिसत होतं. प्रबंधाला विषय म्हणून तो घेण्याचं धाडस मात्र कुणी केलं नव्हतं.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी दोघांनी मिळून एक प्रकल्प करायचा, ही जुनी रीत. पूर्वी एक जण प्रकल्प करायचा आणि दुसरा मुखपृष्ठावर नाव घालायचा. मार्गदर्शक दोघांना सारखेच गुण देऊन मोकळे व्हायचे. हा फुकटेपणा बंद करायला डॉ. कुमुदिनी धानोरकरांनी अभावमापक तयार केला, आणि पहिल्याच वर्षी आठ फुकटे घरी पाठवले. तेव्हापासून मॅडम कॉरिडॉरमधून चालल्या की मुलं भिंतीला चिकटायची.

आज तिसऱ्या प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर दोन विद्यार्थी बसले होते. संयोगिता बिडवई वाणिज्य शाखेतून आलेली, बोलण्यात चटपटीत, अहवाल असा लिहायची की वाचणाऱ्याला आपणच हुशार आहोत असं वाटावं. हणमंत येलमेवाड तिच्या उलट. अहवालाचं नाव काढलं की त्याला तहान लागायची, पण कुणी काही विचारलं की हातातला समोसा खाली ठेवून समजावत बसायचा. समोसा थंड झाल्याची तक्रार त्याने कधी केली नाही. दोघांचा प्रकल्प होता जमिनीखालच्या नळांतून येणाऱ्या आवाजावरून पाण्याची गळती शोधण्याचा.

"मोजणीआधी एक प्रश्न विचारावा लागतो," मॅडम संयोगिताला म्हणाल्या. "नोंदीसाठी. या प्रकल्पात हणमंतनं नेमकं काय केलं?"

संयोगिताने हणमंतकडे पाहिलं नाही. खरं उत्तर तिला पाठ होतं. त्याने सगळं केलं, आणि मग सगळं मला शिकवलं. पण हे वाक्य पूर्ण झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तू काय केलंस? तोंडाशी आलेलं वाक्य तिने जरा छाटलं.

"बरीच मदत केली," ती म्हणाली.

एरवी एका उत्तरावर पाच प्रश्न विचारणाऱ्या मॅडमनी मान हलवली आणि कळ दाबली. हणमंत नखं बघत होता.

पडद्यावर निकाल आला. संयोगिता बिडवई : एकेचाळीस. हणमंत येलमेवाड : शून्य.

शून्याला फेरपरीक्षा नव्हती. वीसच्या खाली वर्ष पुन्हा करता यायचं, शून्यावर नाव कमी व्हायचं, आणि कमी झालेलं नाव कुठल्याच संस्थेत परत लागत नसे.

"मोजणी कशी होते, तुला माहीत आहे ना?" मॅडमनी हणमंतला विचारलं. आवाज थोडा मऊ होता.

"मीच समजावलं होतं मॅडम पहिल्या वर्षाच्या पोरांना," हणमंत म्हणाला. "आमच्या दोन वर्षांच्या नोंदींवरून यंत्र प्रत्येकाची बुद्धिछाया बनवतं. ज्याला जेवढं येतं तेवढं त्याच्या छायेला येतं. मार्गदर्शकाचीही छाया असते, कारण अडलं की पोरं तिकडंच जाणार. मग एकेकाची छाया काढून घ्यायची आणि उरलेल्यांकडून प्रकल्प पुन्हा करून घ्यायचा. माणूस नसल्यावर जेवढं कोसळतं, तेवढं त्याचं योगदान."

"आणि तुझी छाया काढल्यावर..."

"काहीच कोसळलं नाही. कळलं की, मॅडम."

त्याने बॅग उचलली आणि जाताना खुर्ची आत सरकवून ठेवली.

कँटीनमध्ये प्रत्येक टेबलावर एकेक जण बसला होता. अभावमापकाने मुलांना फुकटेपणा सोडायला लावला होता हे खरं, पण त्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट सोडली होती. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. गेल्या वर्षीचा कुलथे तर आपल्या प्रकल्पाची मुख्य गणनरीत फक्त डोक्यात ठेवायचा. जोडीदाराने विचारलं की त्याला खोकला यायचा. त्याला चौऱ्याण्णव मिळाले, 'अपरिहार्य' हा शेरा मिळाला आणि त्याचा फोटो अजून सूचनाफलकावर होता. फोटोतही तो काहीतरी लपवल्यासारखा दिसायचा.

संयोगिता हणमंतसमोर येऊन बसली.

"मी बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"बोललीस की. बरीच मदत केली म्हणालीस. थोडी नाही म्हणालीस."

"टोमणा नको मारू."

"टोमणा नाही बिडवई, हिशोब बघतोय. एकेचाळीस तुझे. अहवाल, नगरपालिकेच्या परवानग्या, ते सगळं तुझं, मेलो तरी मला जमलं नसतं. शून्य माझं. बेरीज?"

"एकेचाळीस."

"उरलेले एकोणसाठ कुठं गेले?"

 वाणिज्य शाखेत तीन वर्षं काढलेल्या मुलीला न जुळणारी बेरीज पडद्यावरच खुपायला हवी होती. पण तेव्हा ती स्वतःच्या एकेचाळीसकडे बघत होती.

"गळती कशी ओळखायची?" हणमंतने विचारलं.

"शहरातला प्रत्येक आवाज कधी ना कधी थांबतो. जो आवाज दमत नाही तो धरायचा." तिने एका दमात सांगितलं, आणि पुढची सगळी गणितंही तशीच, याच टेबलावर त्याने शिकवली होती त्या क्रमाने.

"बघ. तुला माझ्याइतकं येतं. म्हणून मला काढलं तरी तुझी छाया ते करते. तुला काढलं तर माझी करते. दोघांना येतं म्हणून ते एकोणसाठ कुणाचेच नाहीत." तो हसला. "तुला जरा कच्चं शिकवलं असतं तर पास झालो असतो. पाच-सहा गणितं चुकीची सांगायची होती."

ते हसणं संयोगिताला सहन झालं नाही. शिवी दिली असती तर तिला थोडं मोकळं वाटलं असतं. शिवी काही मिळाली नाही.

"मला वगळून तुझी मोजणी केली तर?" ती म्हणाली.

"तर माझ्या नसण्यानं कोसळेल. पण तुला कोण वगळणार?"

"छाया माझी आहे. ती मागे घ्यायचा हक्क मला आहे."

"छाया नाही तर मोजणी नाही. मोजणी नाही तर पदवी नाही. वेडी आहेस का? बसून खा काहीतरी."

"वर्ष पुन्हा करीन. तुझं तर नावच जातंय."

"घरी काय सांगशील?"

"सांगीन, बरीच मदत केली म्हणून."

ती उठली. हणमंत तिच्यामागे धावला, तेव्हा पहिल्यांदाच त्याने समोसा खाली न ठेवता हातातच धरला होता.

मॅडम अजून प्रयोगशाळेतच होत्या, आणि पडदा चालू होता. संयोगिताने आपलं म्हणणं सांगितलं, या वेळी न छाटता. सगळं याने केलं, सगळं याने शिकवलं, तुम्ही विचारल्यावर मी खोटं बोलले. नोंदवा. मग तिने तळहात यंत्राच्या काचेवर ठेवला. यंत्राने दोनदा खात्री करून घेतली आणि तिची दोन वर्षं पुसून टाकली.

"आता हणमंतची मोजणी घ्या, मॅडम."

मॅडमनी कळ दाबायला वेळ लावला.

हणमंत येलमेवाड : शून्य.

 संयोगिता खुर्चीवर बसली. "हे कसं? मी तर नाहीये आता."

हणमंतच्या लक्षात आलं होतं. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि समोसा पिशवीत नीट गुंडाळून ठेवू लागला. या कामाला त्याने गरजेपेक्षा जास्त लक्ष दिलं.

"हणमंत, कुणाला येतं अजून?" संयोगिताने विचारलं. "तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"राहू दे."

"सांग की."

"मला येतं," डॉ. धानोरकर म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी कॉरिडॉरमधून जात होतं. पावलं लांब जाईपर्यंत मॅडम थांबल्या. मग उठल्या आणि सवयीने दार लावायला गेल्या. कडीला हात लागला आणि तिथेच थबकल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

"डिसेंबरात मी याला केबिनमध्ये बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रकल्पाचा मधला भाग मला कळत नव्हता. दार लावून घेतलं, कारण विद्यार्थ्याकडून शिकताना कुणी बघू नये असं वाटलं. चार वेळा विचारलं तरी हा कंटाळला नाही. फेब्रुवारीत मी ते हैदराबादच्या परिषदेत मांडलं. प्रश्नोत्तरं छान झाली. शेवटी आभार मानले त्यात याचं नाव घेतलं."

"काय म्हणून?" संयोगिताने विचारलं.

"बरीच मदत केली म्हणून."

कुणी हसलं नाही.

"सकाळी तू तेच शब्द बोललीस, तेव्हा मला दुसरा प्रश्न विचारता आला नाही. शून्य आलं तेव्हा ते का आलं हेही मला कळलं होतं. यंत्र मी बनवलंय. त्याचा हा दोष पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मी स्वतःला समजावलं की फुकट्यांपेक्षा एखादा चांगला मुलगा गेलेला परवडला."

"मॅडम, छाया मागे घेतली तर तुमचं मार्गदर्शकपद जाईल," हणमंत म्हणाला. "यंत्राचं काय होईल?"

"माझ्याशिवाय ते कितपत कोसळतं, ते बघू," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी तळहात काचेवर ठेवला.

या वेळी मोजणी लांबली. प्रकल्प चालवायला उरलेली एकुलती एक छाया यंत्राने काढून घेतली आणि नळांचे आवाज ऐकायला कुणीच राहिलं नाही. जेवढं उभं होतं ते सगळं कोसळलं.

हणमंत येलमेवाड : शंभर.

संयोगिता डोळे पुसत उठली. मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. पुसून टाकलेल्या दोन बायका आणि पास झालेला एक मुलगा पडद्यासमोर उभे होते. मग आकड्याखाली यंत्राने आपणहून शेरा उमटवला, कुलथेच्या फोटोखाली होता तोच. अपरिहार्य.

हणमंतने तो शब्द वाचला, पुन्हा वाचला.

"म्हणजे," तो म्हणाला, "मी कधी कुणाला काहीच शिकवलं नाही, असं झालं की."