रिकाम्या स्टुडिओची शांतता

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. सगळं वाचून झाल्यावर खाली 'काहीही हं' लिहू नका. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या माझ्या नणंदबाई आहेत, चांगल्या धडधाकट आहेत, आणि तुमच्यापैकी कितीतरी जण रोज सकाळी त्यांना रेडिओवर ऐकतात.

म्हणजे, तुम्हाला तसं वाटतं.

अजून एक. या गोष्टीत मध्यरात्र नाही, अमावस्या नाही, वडाचं झाडही नाही. भर दुपार होती. जेवणाची सुट्टी होती. शिवणकामाच्या वर्गातल्या बायका बाहेर कट्ट्यावर डबे उघडून बसल्या होत्या. आणि जागा होती कम्युनिटी कॉलेजचा रेडिओ स्टुडिओ.

समोर मी नणंदबाईंना 'अहो ताई' म्हणते. पण ही गोष्ट त्यांच्या लग्नाआधीची आहे, तेव्हा इथे एकेरीतच सांगते. त्यांनी हे वाचलं तर मी आणि माझं नशीब.

ताईला लहानपणापासून रेडिओचं वेड. आंघोळीला गेली की तांब्यात तोंड घालून बातम्या द्यायची, कारण तांब्यात आवाज घुमतो. बाहेर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडायच्या, "बातम्या संपल्या असतील तर पाणी अंगावर घे!" कॉलेजात रेडिओ आणि मीडियाचा एक वर्षाचा कोर्स निघाला तेव्हा पहिला अर्ज ताईचा होता.

दुसरा अर्ज छकुलीचा. छकुली म्हणजे मावशीची मुलगी, ताईची मावसबहीण. नाव छकुली, उंची ताईपेक्षा वीतभर जास्त. तिला रेडिओचं काही पडलेलं नव्हतं. मावशीच म्हणाली, "ताई, तू जातेच आहेस तर हिलाही ने. घरी बसून नुसती आरशाशी बोलते."

ताईने नेलं. तिथेच चुकलं.

वर्गात सगळ्या वयाची माणसं होती. एक निवृत्त पोस्टमन, एक तान्ह्या मुलाची आई, दोन टवाळ पोरं. शिकवायला खर्जसर. आवाज असा खोल की ते 'बसा' म्हणाले तरी माणूस दचकून उठायचा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून हवामान वाचून घेतलं.

ताईने वाचलं. एक अक्षर चुकलं नाही.

"शुद्ध आहे. मेहनती आहेस," सर म्हणाले.

मेहनती! मुलगी बघायला आलेल्यांनी 'स्वभावाने चांगली आहे' म्हणावं, त्यातली गत.

मग छकुलीने वाचलं. दोनदा अडखळली, एकदा हसली. पण पोस्टमनकाकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तान्ह्या मुलाची आई टक लावून बघत राहिली. छकुली 'पावसाची शक्यता' म्हणाली आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, हा पाऊस फक्त आपल्यासाठी येणार आहे.

ताईच्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं, ते वर्षभर थांबलं नाही.

आणि वर्ष संपता संपता शहरातल्या रेडिओ केंद्राने कॉलेजकडे निरोप धाडला. सकाळच्या कार्यक्रमाला नवा आवाज हवा आहे. एकच. आधी एक नमुना कार्यक्रम पाठवा, तो आवडला तर पहिलं थेट प्रसारण कॉलेजच्याच स्टुडिओतून करू.

सर ताईकडे वळले. ताई खुर्चीतून अर्धी उठलीच.

"तुझा कान तयार आहे. तू मशीनवर बस," सर म्हणाले. "बोलेल छकुली."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आली तर आई फोनवर मावशीचं अभिनंदन करत होत्या. छकुली ताईच्याच पलंगावर लोळत म्हणाली, "ताई, मला भीती वाटते गं. तू काचेपलीकडे असशील ना?"

"असेन," ताई म्हणाली. तिला त्या क्षणी छकुली डोळ्यांसमोर नको होती.

आता कामातली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रेकॉर्डिंग झालं की लगेच उठायचं नसतं. सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं आणि त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. कारण नंतर खोकला, खुर्चीचा आवाज, चुकलेला शब्द कापला की तिथे भोक पडतं. ते भोक त्याच खोलीच्या शांततेने भरायचं. नुसतं रिकामं ठेवलं तर रेडिओ बंद पडल्यासारखा वाटतो.

खर्जसरांचे त्याबद्दल दोन नियम होते. एक, जे बोलले त्यांच्याशिवाय शांतता घ्यायची नाही. आणि दुसरा...

"शांतता घेताना मनातसुद्धा बोलायचं नाही."

टवाळ पोरांपैकी एकाने विचारलं, "सर, माइकला मनातलं ऐकू येतं का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

नमुना कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं. छकुली उत्तम बोलली. सर हेडफोन काढून टाळ्या वाजवत आत गेले, पोस्टमनकाका गेले, सगळे तिला घेऊन बाहेर पडले. काचेपलीकडे ताई एकटी उरली.

शांतता घ्यायची राहून गेली होती.

नियमाप्रमाणे छकुलीला परत बोलवायला हवं होतं. पण बाहेर तिचं कौतुक चाललेलं, आणि तिच्या मागे 'ये गं बाई, येतेस का' करत जायचं ताईच्या जिवावर आलं. तिने मशीन सुरू केलं. दारावरचा लाल दिवा लागला. आत जाऊन ती छकुलीच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून कोमट होती.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. खिडकी नाही. जाड दार बंद केलं की बाहेरची बायकांची बडबड एकदम तुटायची.

ताई गप्प बसली.

ओठ मिटलेले होते, हे ती आजही शपथेवर सांगते. पण मन कुठे ऐकतंय? वर्षभराचं साचलेलं सगळं वर आलं. हा आवाज माझा हवा होता. मी तांब्यात तोंड घालून घालून मोठी झाले, आणि ही आरशात बघत बघत आली. तिचा आवाज मला मिळू दे. तिचा काढून मला दे.

तेवढ्यात तिचं लक्ष काचेपलीकडे गेलं...

मशीनवरचा काटा हलत होता.

आवाज आला की हलतो तो काटा. खोलीत चिटपाखरूही बोलत नव्हतं. आणि काटा वर जायचा, खाली यायचा, थांबायचा, पुन्हा वर जायचा. कुणी बोलताना हलतो तसा.

घाबरून ताईचं मन गप्प झालं.

काटाही खाली बसला.

ती धावत बाहेर आली. रेकॉर्डिंग थांबवलं, हेडफोन लावला आणि घेतलेली शांतता ऐकली. तिचा स्वतःचा आवाज नव्हता. शब्द एकही नव्हता. पंख्याची घरघर, तारेची बारीक गुणगुण... आणि शेवटी...

श्वास.

निवेदक बोलायला सुरुवात करण्याआधी घेतो तसा. खोल, तयारीचा. कुणीतरी श्वास आत घेतला.

सोडला मात्र नाही.

तिने पुन्हा ऐकलं. या वेळी श्वास कानाच्या जास्त जवळ होता. दारावरचा लाल दिवा तसाच लागलेला होता... रेकॉर्डिंग थांबलेलं असून.

शहाणी मुलगी असती तर ते पुसून टाकलं असतं. पण संध्याकाळपर्यंत कार्यक्रम पाठवायचा होता, आणि पुन्हा शांतता घ्यायची म्हणजे छकुलीच्या पाया पडणं आलं. माझाच श्वास असेल, असं तिने स्वतःला बजावलं. ती शांतता तिने तुकडे करून छकुलीच्या कार्यक्रमात भरली. जिथे जिथे भोक होतं तिथे. छकुलीच्या दोन वाक्यांच्या मध्ये.

केंद्राला कार्यक्रम फार आवडला.

थेट प्रसारणाची सकाळ उजाडली. काचेच्या आत छकुली, बाहेर मशीनवर ताई, तिच्या मागे सर. घरी आई रेडिओला कान लावून बसलेल्या. मावशीने तर निम्म्या गावाला रेडिओ लावायला सांगितलं होतं.

लाल दिवा लागला. ताईने बोट दाखवून खूण केली.

छकुलीने श्वास घेतला. खोल, तयारीचा...

ताईने तो ओळखला. तोच श्वास होता.

छकुलीचे ओठ हलले. आवाज आला नाही.

ती पुन्हा बोलली. मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. घशातून हवासुद्धा बाहेर पडेना. ती काचेतून ताईकडे बघत होती. रागाने नाही हो. 'ताई, काहीतरी कर ना' अशी बघत होती.

"रेडिओ मुका पडलाय! जा, बस तू!" सर ओरडले.

ताई आत धावली. छकुलीने स्वतः उठून तिला खुर्ची दिली, स्वतःचा हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. ताई बोलली. वर्षानुवर्षं तांब्यात घोकलेलं सगळं कामी आलं. एक शब्द अडखळला नाही.

फक्त हेडफोनमध्ये तिला जो आवाज ऐकू येत होता... तो तिचा नव्हता.

तिला वाटलं, सरांनी छकुलीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. तिने काचेकडे पाहिलं. सरांचे दोन्ही हात छातीशी जोडलेले होते. मशीनला कुणीही हात लावलेला नव्हता.

ती घरी पोचली. आई दारातच उभ्या होत्या, डोळे पुसत.

"काय गोड बोलली गं आपली छकुली!"

"आई, मी बोलले. तिचा आवाज बसला. मी होते ती."

"चल, चेष्टा पुरे. मावशीचा पण फोन आला होता. आईला लेकीचा आवाज कळत नाही होय?"

ताईने आत जाऊन रेडिओ बंद केला.

छकुलीचा घसा सगळ्या डॉक्टरांनी तपासला. घशात काही दोष नाही म्हणाले. आवाज काही परत आला नाही. आज ती फक्त कुजबुजते, तेही जवळ कान नेला तर. केंद्राने सकाळचा कार्यक्रम ताईला दिला. ताईने एकदा कॉलेजात जाऊन ती शांतता पुन्हा ऐकली. पंखा होता, तारेची गुणगुण होती. शेवटी श्वास नव्हता. कुणीतरी तो सोडला होता.

हे सगळं ताईंनी मला एका दुपारी, भांडी पुसता पुसता सांगितलं. मी आधी हसले. मग त्या म्हणाल्या, "आतल्या खोलीत जा, मी इथून फोन लावते." मी गेले. स्वयंपाकघरातून त्यांचा नेहमीचा, थोडा कोरडा आवाज येत होता. आणि कानाशी धरलेल्या फोनमधून छकुली बोलत होती. तेच शब्द, त्याच क्षणी.

"लोक माझं कौतुक करतात," फोन ठेवून ताई म्हणाल्या, "आणि ते अजूनही तिचंच असतं. अजून जळते मी, वहिनी. मिळवूनसुद्धा जळते."

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

मागच्या महिन्यात मी सकाळीच मावशींकडे गेले होते. दार उघडं होतं. रेडिओ लागलेला, ताईंचा कार्यक्रम चालू. आतल्या खोलीत छकुली दाराकडे पाठ करून आरशासमोर वेणी घालत होती. आरशात तिचा चेहरा दिसत होता.

तिचे ओठ हलत होते.

रेडिओबरोबर म्हणत असेल, मला वाटलं. रोज ऐकते, सवय झाली असेल. मी हाक मारणार होते... आणि मग माझ्या लक्षात आलं.

ओठ आधी हलत होते. शब्द रेडिओवर नंतर येत होते.

मी दारातच खिळले. तिने आरशात मला पाहिलं. तिचा हात वेणीवरच थांबला. तिने ओठ मिटले.

रेडिओवर वाक्य अर्ध्यात तुटलं.

पंख्याची घरघर... तारेची बारीक गुणगुण...

छकुली आरशातून माझ्याकडे बघून गोड हसली. श्वास घेतला. ओठ हलवले. आणि रेडिओवर ताई माफी मागून पुढे बोलू लागल्या.

मी चहा न घेताच निघाले. ताईंना यातलं काही सांगितलेलं नाही. आवाज छकुलीचा असला तरी शब्द आपले आहेत, एवढंच एक समाधान त्यांच्याकडे उरलं आहे.