गुडघे टेकलेली बाई

कारखान्याच्या आगीत गेलेल्या एकोणीस बायकांचं स्मारक करायचं काम तिच्याकडे आलं, कारण गावात धड पुतळे करणारी ती एकटीच होती. त्या एकोणिसांत तिची धाकटी बहीण होती, हे स्मारक समितीला ठाऊक होतं.

"गुडघे टेकलेली बाई करा," अध्यक्ष म्हणाले. "चौकात शोक दिसला पाहिजे."

"गुडघे टेकतो तो हरलेला, नाहीतर माफी मागणारा. आमच्या बायकांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? मी उभीच करणार."

तिने माती चढवली. मान ताठ, पाय रोवलेले. चेहरा मुद्दामच कुणासारखा केला नाही.

एका सकाळी पुतळा चार बोटं खचलेला दिसला. ओली माती खचतेच. तीस वर्षांत तिने असे कितीतरी प्रकार निस्तरले होते. तिने आतल्या सळया काढून अंगठ्याएवढ्या जाड घातल्या. दोन दिवसांनी त्याही गुडघ्यांत वाकल्या. मातीला मात्र कुठेच भेग नव्हती.

मग तिने हात लावणंच सोडलं. खोलीला कुलूप घालून किल्ली जवळ ठेवली. तरी रोज सकाळी बाई आणखी खाली आलेली असे. आधी गुडघे टेकले, मग तळवे, मग कंबर वाकली. गाल जमिनीला लागला तेव्हा कुठे ती थांबली.

"याला म्हणतात शोक," अध्यक्ष खूश झाले. "शेवटी ऐकलंत आमचं."

तिच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. तसाच साचा घेतला, तसाच पुतळा ब्राँझमध्ये ओतला, चौकात काळ्या गुळगुळीत दगडावर बसवला.

अनावरणाला आगीतून वाचलेली एकमेव बाई आली होती, धाकटीच्या शेजारच्या मशीनवरची. पडदा सरकला आणि तिने पुतळा करणारीचा हात धरला.

"ताई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"दार बाहेरून बंद होतं. दाराखाली बोटभर फट होती, तिथनं जरा हवा यायची. तुमची बहीण अशीच होती, फटीला तोंड लावून. मला खिडकीतून ओढलं, तेव्हा ती अजून..."



भाषणं झाली, माणसं पांगली. ऊन कललं, गारठा वाढला. थोरली मात्र पुतळ्याशेजारी बसून राहिली. आपण गुडघे टेकलेत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

ब्राँझच्या ओठांसमोर, काळ्या दगडावर वाफेचा नखाएवढा डाग होता.

तो विरला. परत उमटला.

"मी आलेय गं," ती हळूच म्हणाली.

डाग विरला. पुन्हा उमटला, पण उशिरा, आणि फिका.

ती आकडे मोजू लागली. आधी तो सातावर येत होता. मग बारावर. मग तिसावर.

आता ती शंभराच्या पुढे गेली होती.