एकोणीस मिनिटे

रुग्णवाहिका केंद्रातली वीज मंगळवारी दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी परत आली. संगणक दोन वाजून एकतीस मिनिटांनी सुरू झाला. मधल्या वेळात एका घरातून आठ फोन आले. केंद्राचे फोन संगणकातूनच येत असल्याने एकही वाजला नाही. त्या घरातला शिंपी गेला.

'यंत्र निर्दोष. ड्यूटीवरच्या बाईंनी ते उशिरा चालू केले,' असे दुरुस्तीवाल्याने लिहून दिले. त्या बाई म्हणजे फौजदारणीची आई. शुक्रवारी चार वाजता चौकशी होती. तीन दिवसांत आईच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

बाईंची ही मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घेणारी, म्हणून फौजदारीण. तोंड मिटत नाही म्हणून तिचा धाकटा भाऊ टकळी, आणि घड्याळाशिवाय पाऊल न टाकणारी शेजारची मोजपट्टी. सुट्टीतले हे त्रिकूट शुक्रवारी बारा वाजता केंद्रात धडकले. मंगळवारचा तो संगणक काढून आता मागच्या खोलीत ठेवला होता. रुग्णवाहिकेच्या चालककाकांनी कुलूप उघडले आणि दारातच खुर्ची टाकली.

"माझ्या डोळ्यांदेखत काय ते करा. काही पुसलंत तर कान उपटीन!"

"पुसणार नाही, काका. मोजणार!" मोजपट्टीने बटण दाबले.

"तेवढ्यात मी अंघोळ करून येतो," टकळी म्हणाला.

"तुझ्या अंघोळीला एकोणीस सेकंद पुरतात!" फौजदारीण म्हणाली.

संगणक जागा झाला. एकोणीस मिनिटे, चार सेकंद. फौजदारणीने यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली. तेवीस नावे! त्यांतले सात प्रोग्राम 'संगणक वेगवान करणारे' होते.

"सात-सात? मग हा उडायला हवा होता!" टकळी म्हणाला. "बंद कर सगळे!"

"एकदम नाही. मग दोष कुणाचा, हे कसं कळणार? एकेक," फौजदारीण म्हणाली.

पहिला बंद केला. सोळा मिनिटे. दुसरा. तेरा. सातवा बंद झाल्यावर एक मिनिट सव्वीस सेकंद!

"जिंकलो!" टकळीने उडी मारली.

"योगायोग असला तर?" फौजदारणीने सातही पुन्हा चालू केले. पुन्हा एकोणीस. आता मात्र कुणीच उडी मारली नाही.

प्रत्येक प्रोग्राम कधी बसवला, ती तारीख यादीत होती. भिंतीला टांगलेल्या भेटींच्या नोंदवहीत दुरुस्तीवाल्याच्या सात फेऱ्या होत्या. 'संगणक मंद. उपाय केला.' सातही तारखा जुळल्या. मंगळवारी बटण कधी दाबले, हे यंत्रानेच नोंदवून ठेवले होते. मोजपट्टीने तेही उतरवून घेतले.

चौकशीत मोजपट्टीने कागद पुढे केला, तसा दुरुस्तीवाला हसला. "साहेब, हा पोरखेळ आहे! तक्रार आली की मी उपाय बसवत होतो."

"आधीचा काढत होतात का?" फौजदारणीने विचारले.

"काढायची तक्रार कुणी केलीच नाही."

चौकशी करणाऱ्या साहेबांनी मोजपट्टीचा कागद दोनदा वाचला, मग आईकडे वळले. "बाई, चूक आमची झाली. आणि पोरांनो, शाब्बास! हे आम्हाला सुचायला हवं होतं."

आईने डोळ्यांना पदर लावला. मागच्या बाकावरून शिंप्याची बायको उठली.

"पोरी, मला समजेल असं सांग. इतका वेळ का लागला?"

फौजदारीण तिच्याजवळ गेली. विचारले होते ते सांगायलाच हवे होते.

"कॉम्प्युटर मंद झाला की त्याला वेगवान करणारा प्रोग्राम बसवायचे, काकू. आधीचा तसाच राहायचा. सुरू होताना ते सातही एकदम जागे व्हायचे आणि प्रत्येक जण आधी सगळं यंत्र तपासायचा, बाकीच्या सहांसकट. तोवर फोनचा प्रोग्राम खोळंबून राहायचा. आईनं बटण दोन बारालाच दाबलं होतं."