सरूबाईची टोपली आणि टिकटिकणारं यंत्र

“बाद!” जयवंत सरांनी नळी वर उचलली. “ही टोपली बाजूला काढा.”

“असं कसं बाद, साहेब?” चंदर गर्दीतून पुढे घुसला. “माझ्या आजीचे बोंबील आहेत ते! अख्ख्या मनोरीत असे बोंबील मिळायचे नाहीत!”

“चंदर, मागे हो!” मच्छीमार सोसायटीचे चेअरमन भिकाजीतात्या ओरडले. “यंत्र काय तुझ्या आजीला ओळखतं?”

काळ्या नळीला वायरने जोडलेला राखाडी डबा अजून बोलतच होता. टिक... टिकटिकटिक... टिक...

सोसायटीच्या गोदामात सकाळपासून ही गर्दी होती. गेल्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, दूर परदेशात एका अणुभट्टीला अपघात झाला होता. त्याच्या बातम्या वाचून मुंबईतली माणसं अजून दुधाच्या पावडरलासुद्धा घाबरत होती. त्यातच मनोरीची सुकी मासळी घेणाऱ्या एका कंपनीने ठरवलं, की तपासल्याशिवाय एकही टोपली उचलायची नाही. म्हणून कंपनीचे तपासनीस जयवंत सर आज हे यंत्र घेऊन मार्व्याहून फेरीबोटीने आले होते. एखाद्या वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे किरण निघत असले, की यंत्राचे ठोके वाढत.

“बाद माल दुपारी किनाऱ्यावर जाळायचा,” भिकाजीतात्यांनी जाहीर केलं. “आणि सरूबाई, तू आता बाजारात बसू नको. एकीच्या मालापायी सगळ्यांचं नाव जाईल.”

“मना बाजार नाय?” सरूबाई कशीबशी बोलली. “लगीन झाल्यापास्नं बसतंय मी बोरिवलीला. माझ्या हातचं खाऊन कोन आजारी पडलाय, सांग ना भिकाजी!”

शेजारच्या दोघी बायका पदर सावरत तिच्यापासून हळूच लांब सरकल्या. ते पाहून चंदरच्या डोळ्यांत पाणीच आलं!

कोपऱ्यात उभ्या असलेल्या जयालाही ते दिसलं. बोरिवलीची जया आणि तिचा मोठा भाऊ नंदू दर मे महिन्यात मनोरीला येत. त्यांची नंदामावशी सुट्टीत कार्मेनच्या घरची मागची खोली भाड्याने घेई. कार्मेन इथलीच, नंदूच्या वयाची आणि जिभेने तिखट. आज तिने जयाची वेणीच ओढली.

“बाहेर चल! मला काहीतरी सांगायचंय.”

नंदू आणि चंदरही मागोमाग आले, आणि चौघं जण वाळूत ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसले.

“सरूआजीच्या जावेची, कमळकाकीची टोपली पास झाली ना?” कार्मेनने विचारलं.

“झाली. मघाशीच,” चंदर म्हणाला.

“अगं, पण ते बोंबील एकाच डोलीच्या जाळ्यातले! दोघींनी मिळून ते सरूआजीच्या वलांडीवर वाळवले.” वलांडी म्हणजे बोंबील टांगायची बांबूंची मांडणी. “मग निम्मे-निम्मे वाटून घेतले. मग एक पास आणि दुसरी नापास कशी?”

“नंदूच्या प्रगतिपुस्तकासारखं दिसतंय,” जया म्हणाली. “भूगोल पास, गणित नापास!”

“ए, गप गं! यंत्रच बिघडलंय त्यांचं. सरळ जाऊन सांगू.”

“आणि ऐकेल कोण?” चंदर उसळला. “तिकडे लाकडं रचायला घेतलीत! आजी काही बोलत नाहीये यार, नुसती बसून आहे. माझ्यावर रागावली असती तरी चाललं असतं.”

जया उठून उभी राहिली. “आधी खात्री करू. कमळकाकीची पास झालेली टोपली परत तपासायला न्यायची. पण कार्मेनची म्हणून!”

“झकास!” कार्मेनने टाळी दिली.

कमळकाकीने आधी आढेवेढे घेतले. “जाऊबाईसाठी घेऊन जा गं बायो, पण मधे माझं नाव नको हां!” असं म्हणत तिने बोंबील कार्मेनच्या टोपलीत ओतले. कार्मेन रांगेत उभी राहिली. जयवंत सरांनी नळी धरली. टिक... टिक... आणि मग एकदम टिकटिकटिकटिक!

“बाद!”

“वाट लागली!” नंदू कुजबुजला. “पास झालेलेच बोंबील बाद झाले की रे!”

चौघं जण धूम पळत सुटले ते थेट मावशीकडे. नंदामावशी मुलुंडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. सोमवारचा उपास होता. पूजा आटोपून ती डब्यात लावलेल्या तुळशीला पाणी घालत होती. मुलांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली, तशी तिने हात वर केला.

“एकेकाने बोला. मला सांगा, ठोके कसे पडत होते? घड्याळासारखे?”

“छे! कधी गप्प, तर कधी धबाधबा!”

“मग यंत्र बिघडलेलं नाही,” मावशी शांतपणे म्हणाली. “ते असंच वाजायला हवं. एक अणू फुटतो, त्यातून किरण निघतो, नळीला लागतो, की एक ठोका. आता समजा दोन अणू आहेत. एक आत्ता फुटला, दुसरा हजार वर्षांनी फुटेल. असं का?”

“पहिला म्हातारा असेल,” नंदू म्हणाला.

“अणू म्हातारा होत नाही रे.”

“मग दुसरा जास्त मजबूत असेल!” चंदर म्हणाला.

“दोन्ही अगदी एकसारखे. तसूभर फरक नाही.”

“मग कारण काय?” जया हट्टाने म्हणाली.

“गंमत तीच आहे. तसं कारणच सापडत नाही! याला क्वांटम म्हणतात. आपल्या पुस्तकी मराठीत पुंजयांत्रिकी. इतक्या बारीक जगात पुढच्या क्षणी नेमकं काय घडेल, ते आधी सांगताच येत नाही. ते घडण्याची शक्यता किती, तेवढंच सांगता येतं.”

“देवालाही माहीत नसतं?” कार्मेनने डोळे मोठे केले.

मावशी हसली. “देवाला काय माहीत आहे, ते मी कशी सांगू बाळा? माणसाला मात्र एकच वाट आहे. भरपूर ठोके मोजायचे. ज्वारीच्या लाह्या फोडताना पुढचा दाणा कोणता उडेल, ते कुणाला सांगता येतं? पण पातेलंभर लाह्या व्हायला किती वेळ लागेल, ते घरातल्या बाईला बरोबर ठाऊक असतं. लाहीच्या दाण्याला निदान ओल असते, साल असते, शोधलं तर कारण सापडेल. अणूचं तसं नाही. पण एकेकाचा नेम नसला, तरी पुष्कळांचा हिशोब पक्का असतो.”

जया एकदम उडालीच! “म्हणजे सर जरा वेळ नळी धरतात, तेवढ्यात चार ठोके लागोपाठ आले तर टोपली बाद! नाही आले तर पास! हे तर नुसतं नशीब झालं!”

“आणि टोपलीच नसेल, तर किती ठोके पडतात?” मावशीने विचारलं.

ते तर कुणीच मोजलं नव्हतं!

“जमिनीतून, आकाशातून थोडे किरण नेहमीच येत असतात. आधी ते मोजायला हवेत.” मावशीने मनगटावरचं घड्याळ काढून नंदूला दिलं. “याला सेकंदकाटा आहे. तुम्ही पुढे व्हा, मी आलेच. सरांशी उद्धट बोलायचं नाही हं.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर पुन्हा नम्रपणे विचारायचं. आणि पुन्हा. सोडायचं मात्र नाही!”

गोदामात जयवंत सर घाम पुसत बसले होते. बाहेर बाद टोपल्या एकीवर एक रचल्या होत्या, आणि रॉकेलचा डबाही आला होता.

“सर,” जया पुढे झाली. “टोपली नसताना यंत्र किती वाजतं, ते मोजू द्याल का?”

“बाळ, मला दुपारची बोट गाठायचीय.”

“एकच मिनिट, सर.”

“पोरी, साहेबांना सतावू नको!” भिकाजीतात्या डाफरले.

“नाही सतावत, तात्या. फक्त एक मिनिट मोजू द्या ना, सर?”

“अगं, कंपनीचं यंत्र आहे ते!”

“आम्ही हातही लावत नाही. तुम्हीच धरा नळी. सर, मोजू या?”

जयवंत सरांना हसूच आलं. “तू काही सोडणार नाहीस! बरं, मोज.”

नंदूने घड्याळ धरलं. जया मोठ्याने ठोके मोजू लागली. चंदर कोळशाने भिंतीवर आकडे लिहू लागला. आधी सरूबाईची टोपली ठेवून मोजले. अडुसष्ट! पुन्हा मोजले. एकाहत्तर! मग टोपली उचलून रिकाम्या टेबलावर नळी धरली. सत्तर! पुन्हा एकदा. पासष्ट!

“टोपली असो वा नसो, ठोके तेवढेच!” चंदर ओरडला. “बघा तात्या! आजीच्या बोंबलांत काही नाही!”

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. जयवंत सर मात्र हसले नाहीत. ते भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहतच राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे फार वाईट आहे,” ते हळूच म्हणाले. “रिकाम्या जागी वीस-पंचवीस यायला हवेत. इथे सत्तर येताहेत! म्हणजे मासळी नाही, इथली जमीनच...”

“काय?” भिकाजीतात्या मटकन खाली बसले. “म्हणजे सगळा गावच बाद?”

बाप रे! हे काय होऊन बसलं? चंदरच्या हातातला कोळसा गळून पडला. “जया, आणखीनच बिघडवलंस तू!” तो रडवेला होऊन म्हणाला. कार्मेनने छातीवर क्रूसाची खूण केली.

जया मात्र मनातल्या मनात एकेक गोष्ट तपासत होती. टोपल्या बदलल्या, माणसं बदलली. मग बदललं काय नव्हतं?

“सर!” ती ओरडली. “आपण सगळं एकाच टेबलावर मोजलंय! जागा बदलून बघू या ना!”

सर ताडकन उठले. यंत्र उचलून ते बाहेर वाळूत गेले, आणि सगळा घोळका मागोमाग. नंदूने वेळ लावली. जया मोजू लागली.

“अठरा, एकोणीस, वीस... एकवीस! फक्त एकवीस, सर!”

“आता आत चला!” कार्मेन म्हणाली.

दारात ठोके थोडे वाढले. टेबलाजवळ आणखी वाढले. सरांनी नळी टेबलाखाली नेली, आणि यंत्राने असा कल्ला केला, की सगळे दचकलेच! चंदरने खसकन टेबलावरचं फुलाफुलांचं कापड ओढलं.

खाली टेबल नव्हतंच! चार मोठी खोकी होती, आणि त्यांच्यावर प्लायवूडची फळी.

“काय आहे यांत?” सरांनी विचारलं.

“काय असणार? पेट्रोमॅक्सच्या बत्तीचे मॅण्टल, त्या पेटणाऱ्या जाळीच्या पिशव्या,” भिकाजीतात्या म्हणाले. “रात्री होड्यांवर बत्त्या लागतात. सोसायटी एकदम माल भरून ठेवते. म्हटलं साहेब यायचेत, आमचं जुनं टेबल मोडकं, मानाचं काहीतरी मांडावं...”

जयवंत सरांनी कपाळावर हात मारला. “मॅण्टलमध्ये थोरियम असतं! बत्तीचा उजेड पांढरा पडावा म्हणून घालतात. त्यातून किरण निघतात. एखाद्या मॅण्टलचं फारसं काही नाही, पण इथे तर शेकड्यांनी आहेत. आणि मी सकाळपासून त्यांच्यावरच टोपल्या ठेवून मोजतोय!”

“आधी रिकामी जागा मोजली नव्हतीत का, सर?” जयाने अगदी हळू विचारलं.

“नाही गं. शिकवलं होतं मला, पण गर्दी पाहून घाई केली.” सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. “चूक माझी आहे. तुम्ही मुलांनी ती वेळेवर पकडलीत.”

मग सगळ्या टोपल्यांची बाहेर वाळूवर पुन्हा तपासणी झाली. या वेळी घाई नव्हती. प्रत्येक टोपली पुरेसा वेळ मोजली. ठोके कधी थोडे जास्त, कधी कमी, पण सगळे रिकाम्या वाळूच्या आकड्याच्या आसपासच! एकही टोपली बाद झाली नाही. नंदामावशीही येऊन पोचली होती. खोकी माणसांच्या वावरापासून दूर ठेवायला आणि मॅण्टल हाताळल्यावर हात धुवायला तिने सांगितलं. भिकाजीतात्यांनी रॉकेलचा डबा स्वतः उचलून परत नेला.

“सरूबाई, चुकलो गं,” ते परत येऊन म्हणाले. “जा, खुशाल बस बाजारात.”

सरूबाई उठली, पण टोपलीकडे गेली नाही. ती जयवंत सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, बाद तू बोलला. सगल्यांच्या समोर बोलला. आता बोटीवर चल, नि तुझ्याच तोंडानं सांग.”

“सांगतो, आजी. मोठ्याने सांगतो!”

आणि त्यांनी खरंच सांगितलं! फेरीबोट सुटायच्या वेळी जेट्टीवर मासळीवाल्या, भाजीवाले, सहलीला आलेली माणसं, सगळी दाटीने उभी होती. जयवंत सर एका पेटीवर चढले. “मी सकाळी सरूबाईंचा माल बाद केला. तो चांगला आहे. चूक माझ्या मोजण्यात होती!” त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता.

“ही चूक धरली कुणी, तेही सांगा की!” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“या चौघांनी!” भिकाजीतात्याच मधे ओरडले. “आमच्या डोक्यात जे आलं नाही, ते यांनी मोजून दाखवलं! शाब्बास रे पोरांनो!”

नंदामावशीने जयाच्या केसांवरून हात फिरवला. “सगळा गाव घाबरला, तेव्हाही तू मोजायचं सोडलं नाहीस. माझ्या कॉलेजातल्या मुलांना मी हेच शिकवू बघते.”

“मावशी, मला अजून एक कळलं नाही,” जया म्हणाली. “पुढचा ठोका कधी पडेल, ते खरंच कुणालाच सांगता येत नाही?”

“खरंच नाही.”

“तरी मी विचारत राहणार!”

मघाशी लांब सरकलेल्या त्या दोघी बायका आता बोटीत सरकून बसल्या होत्या. “ये गो सरू, हिकडं बस,” म्हणत त्यांनी मधे जागा केली. कमळकाकी पुढे आली. दोघी जावांनी दोन्ही बाजूंनी टोपलीला हात घातला, आणि बोंबलांनी भरलेली ती टोपली सरूबाईच्या डोक्यावर चढली. मान ताठ ठेवून ती फळीवरून बोटीत गेली, आणि सगळ्यांच्या मधोमध जाऊन बसली.