काटा शून्यावर येईना

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल त्याने खुशाल हसावं. ज्याच्यावर बेतली, तो सत्यवान लोंढे माझ्या आईचा सख्खा मामा. बायबल वाचणारा, भुताखेतांना शिव्या घालणारा माणूस. मरेपर्यंत त्याने यातला एक शब्द बदलला नाही.

सन चव्वेचाळीस. नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या कालव्यावर एक खासगी साखर कारखाना होता. आता तिथं बाभळी माजल्यात. सत्यवान तिथं वायरमन.

गळिताचे दिवस होते. दिवेलागणीची वेळ.

दोन दिवसांपूर्वी रसाच्या टाकीवर कानिफनाथ नावाचा मजूर मेला होता. टाकीच्या काठावर पंपाची मोटर. तिच्या अंगात वीज उतरलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तांब्याची तार पुरलेली असते. लढाईत तांबं मिळेना. मग ती तार उपटली आणि तीच वापरून साहेबाच्या बंगल्यात दिवे लावले. कानिफनाथने ओल्या हाताने मोटर धरली अन् उभ्याउभ्या रसात पडला.

कारखान्याचे मॅनेजर मोघे साहेब म्हणाले, फेफरं आलं.

तो रस त्यांनी ओतून दिला नाही. उकळला. त्याची साखर केली. लोक रेशनला रांगा लावून ती नेत होते... लेकरांच्या तोंडात घालत होते.

थू!

आणि सुतकही फिटलं नव्हतं, तोवर त्याच टाकीवर फेस काढायला त्याचीच बायको लंकाबाई लावली. कामावर ये, नाहीतर खोपी खाली कर.

"लंकाबाई, मी सांगंपर्यंत टाकीकडं जाऊ नका," सत्यवान म्हणाला.

"आन् मला बसवून कोन खायाला घालील, वायरमन दादा? तुमचा पाद्री?"

"दम धरा वो. तपासतो."

त्याने मोटरची तार सोडवून ठेवली. आता वीज जायला वाटच नव्हती. मग स्विचच्या फळीवर छोटा मीटर जोडला आणि लाइन चालू केली. काटा शून्यावर राहायला हवा.

काटा हलला...

शून्य पॉइंट बावीस अँपिअर.

दाब दोनशेवीस व्होल्ट. व्होल्टला अँपिअरने भागलं की वाटेत अडवणारं काय आहे ते कळतं. उत्तर आलं, हजार ओहम.

तारेचा विरोध इतका नसतो. तुटक्या तारेचा याहून कितीतरी जास्त. हजार ओहम म्हणजे ओल्या अंगाचा माणूस.

त्याने साहेबाला बोलावलं. साहेबालाही भागाकार येत होता. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याने गुणाकार केला.

"दोनशेवीस गुणिले पॉइंट बावीस. अठ्ठेचाळीस वॅट. लोंढे, एका दिव्याएवढी वीज! तेवढ्यासाठी गाळप बंद ठेवू?"

"साहेब, हा आकडा माणसाचा हाय."

"मिशनच्या शाळेत भुतं शिकवतात वाटतं! मोटर जोड."

पान थुंकून साहेब निघून गेला.

सत्यवानने मोटर जोडली नाही. उलट फ्यूज उपटून खिशात घातला. लाइन मेली. दिवा विझला.

काटा तिथंच...

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, टाकीभोवती एकही माशी नव्हती. साखर कारखान्यात! बाकी सगळीकडे काळे थर बसलेले, आणि इथं काहीच नाही.

करपलेल्या केसांचा वास येत होता. वास गोड होता.

टाकीतून बुडबुड ऐकू आली. रस तर गार पडलेला...

तेवढ्यात काटा सरकला.

पॉइंट चव्वेचाळीस. दाब तोच धरला तर पाचशे ओहम, बरोबर निम्मे. विरोध निम्मा कधी होतो? एका माणसाशेजारी दुसरा उभा राहिला की.

तो धावला.

लंकाबाई टाकीच्या काठावर अनवाणी उभी होती. उजवा हात मोटरच्या वर, हवेत. कुणी मनगट धरावं तसा ताठ. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती.

वायरमन अशा माणसाला हात लावत नाही. त्याने कोरडं गोणपाट तिच्या कमरेला टाकलं आणि दोन्ही टोकं धरून मागे ओढलं. एका बाईला ओढायला त्याला बैलाचा जोर लागला. सटकन् ती सुटली आणि दोघंही मागे चिखलात पडले.

"लंकाबाई! वो लंकाबाई! बोला!"

बऱ्याच वेळानं तिने श्वास घेतला.

"त्येंनी धरलं हुतं," ती म्हणाली. "हात लई चिकाट हुता."

तिच्या मनगटाभोवती कातडी सोलून निघाली होती. चार बोटं आणि एक अंगठा.

जिवंत होती. सत्यवानने देवाचे आभार मानले, तिला उठवलं. नोकरी गेली खड्ड्यात, हिला आत्ताच्या आत्ता माहेरी पोचवायची, असं त्याने ठरवलं. निघताना सवयीने मीटरकडे पाहिलं.

एक माणूस बाहेर आला होता. काटा पॉइंट बावीसवर यायला हवा होता.

काटा पॉइंट चव्वेचाळीसवर होता.

त्याने काचेवर टिचकी मारली. हलला नाही. हिशेब पुन्हा केला. पाचशे ओहम. टाकीवर दोघं.

लंकाबाई दाराशी थांबली होती, त्याच्याकडे पाठ करून.

"चला की, दादा," ती म्हणाली.

सत्यवान तिच्यामागे चालत माहेरच्या वेशीपर्यंत गेला. तिच्याशी एक शब्द बोलायची त्याची हिंमत झाली नाही. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली म्हणतात. तो पुन्हा कधी तिच्या गावाला गेला नाही.

मरणाच्या आदल्या दिवशीसुद्धा त्याने माझ्या आईचा हात धरून विचारलं होतं...

"अगं, मग मी त्या दिवशी बाहेर कुणाला आणलं?"