झाकणावरची पाच बोटं

"काम बाहेर दे, कालिंदी. हवं तेवढं दे. पण शेवटचा हात आपल्या मशीनचाच असू दे."

गेल्या श्रावणात दवाखान्याच्या खाटेवरून नवऱ्यानं, वसंतनं सांगितलेलं हे शेवटचं वाक्य. कालिंदीनं त्याच्या उशाशी ठेवलेल्या अंगाऱ्यावर हात ठेवून ‘हो’ म्हटलं होतं.

आणि आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, उद्यमनगरातल्या तिच्या शेडमध्ये तेच मशीन मुकं उभं होतं. सकाळी कामगार आकारामनं बटण दाबलं मात्र, कडाड असा आवाज झाला आणि बाजूच्या झाकणाआडच्या गिअरचे दात तुटून खालच्या तेलाच्या तबकात पडले. तबक ओढून काढलं, तर दातांच्या भुग्यात एक बोल्टही सापडला.

तिचा धंदा ऑइल इंजिनाच्या बुशांचा, धातूच्या पोकळ नळ्यांचा. ओतकाम फौंड्रीत, वरची कातण बाहेर मजुरीवर, जॉबवर्कला. आतलं भोक मात्र याच जुन्या लेथवर. त्या भोकाच्या भरवशावरच इंजिन कारखाना तिला ऑर्डर देई. या आठवड्यात माल गेला नाही, तर ऑर्डर दुसरीकडे जाणार होती.

"बोल्ट आत गेला कसा, एवढंच मला हवंय," ती हळू आवाजात म्हणाली.

खाजगी तपास करणारे नृसिंह देसाई लेथभोवती फिरत होते. त्यांचे मित्र अप्पा, कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, छत्री टेकून उभे होते.

"खंडेनवमीला पूजा कुणी केली?" देसाईंनी विचारलं.

"मीच. गिअर रॉकेलनं धुतले, झाकण लावलं, आणि झाकणाच्या फटीवरून पाच बोटं ओढली." तिनं टेबलाच्या खणाकडं पाहिलं. "हे असताना कुंकवाचीच ओढायचे. माझा हात काही त्या डबीकडे जाईना. मग जोतिबाचा गुलाल कालवला. लेथच्या फिरत्या चकालाही तोच लावला."

अप्पांनी वाकून पाहिलं. "अहो नृसिंहराव, बोटं फटीवरून सलग आहेत! झाकण उघडलं असतं तर पापुद्रा फुटला नसता का? म्हणजे कुणी हात लावलेलाच नाही. मशीन म्हातारं झालं, दुसरं काय."

"आणि बोल्ट आकाशातून पडला," देसाई म्हणाले. त्यांनी ओल्या रुमालाचं एक टोक चकावर फिरवलं, दुसरं झाकणावर, आणि रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

"शेडात येता कुणाला येतं?"

"एक किल्ली घरी खुंटीला, एक आकारामकडं. आणि शेजारी गणपतरावांचं वर्कशॉप. मधला पत्रा छातीएवढाच."

आकारामचा चेहरा सुतकी झाला होता. "साहेब, सोळा वरसं या लेथावर हाय मी. पूजंचा गुलाल मीच डोंगरावरनं आणलेला. काल सांजच्याला सगळं गाव दसरा चौकात सोनं लुटाय गेलतं, मी बी गेलतो. बटण मी दाबलं, म्हून सगळी माझ्याकडं बघत्यात."

गणपतराव पत्र्यापलीकडूनच ओरडले, "माझ्याकडं बी बघा की! व्हय, मी म्हणतोय वरीसभर, बाई, ह्यो खटारा भंगारात घाला, भोकं मी पाडून देतो. त्यात चोरी कसली? पर पूजंचा परसाद खाऊन त्याच मशीनात बोल्ट टाकायला मी काय येडा हाय?" त्यांच्या पांढऱ्या टोपीच्या कडेला अजून गुलाबी डाग होता.

"बघा," अप्पा कुजबुजले, "फायदा याचाच."

तेवढ्यात बाळासो आला. वसंतचा धाकटा भाऊ, राहायला त्याच घरात. इस्त्रीचा सदरा, बोलणं मऊ.

"वैनी, कशापायी जिवाला त्रास करून घेतासा? एक टेबल, एक फोन. सगळं काम बाहेर द्यायचं, आपण नुसता माल उचलायचा. पेठ वडगावचे पावणं अजून बी लेथ न्ह्यायला तयार हायत."

"मोडका?" देसाईंनी विचारलं.

"गिअरच गेलाय की. बाकी मशीन घट्ट हाय."

"पूजेला तुम्ही होता?"

"न्हाय. त्या दिवशी इकडं फिरकलोच न्हाय. विधवेच्या हातची पूजा मला बघवली नसती. सांगतो साहेब, राग येऊ दे न्हायतर लोभ. नवरा गेलेल्या बाईनं झाकणावर कुंकू ओढलं, मग मशीन रुसंल न्हायतर काय हुईल?"

कालिंदीनं काही बोलायला तोंड उघडलं. देसाईंनी डोळ्यांनीच थांबवलं.

"सगळे या इकडे," ते म्हणाले.

गणपतराव पत्र्याला वळसा घालून आले. आकाराम दाराशी उभा राहिला.

"ज्याला हे मशीन संपवायचं होतं, त्यानं आतला मुख्य दांडा फोडला असता. यानं बोल्ट घातला तो बाजूच्या गिअरमध्ये. गिअर बदलता येतो. मशीन मोडावं पण मरू नये, अशा बेतानं मोडणारा माणूस. गणपतरावांना ते भंगारात हवं होतं. मग जपायचं कुणाला होतं? ज्याला ते विकायचं होतं त्याला."

"पण बोटं?" अप्पांनी छत्री आपटली. "बोटं सलग आहेत!"

"पुन्हा ओढलेली आहेत." देसाईंनी रुमाल उलगडला. एका टोकाला गुलाबी डाग, दुसऱ्याला गडद लाल. "तेलकट पत्र्यावर वाळून दोन्ही सारखेच काळपट दिसतात. पण चकावर गुलाल, झाकणावर कुंकू. काल सोनं लुटायला गाव गेलं, तेव्हा बंद शेडात काडीच्या उजेडात कुणीतरी झाकण उघडलं. बोटं फुटली. त्यानं ती पुसून परत ओढली, वसंतराव ओढायचे तशी, त्यांच्याच डबीतल्या कुंकवानं. आकारामनं गुलाल स्वतः आणलेला. गणपतरावांनी तो टोपीवर लावून नेलेला. दोघांनी ही चूक केली नसती. चुकला तो पूजेला नसलेला माणूस."

ते बाळासोकडे वळले. "ताईंनी कुंकवाला हातच लावला नव्हता. झाकणावर कुंकू आहे, हे इकडे न फिरकलेल्या तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाळासोची मान खाली गेली. "पावण्यांना शब्द दिलता," तो पुटपुटला. "वैनी काय ऐकत नव्हत्या."

"अरं तुझ्या!" गणपतराव पुढं सरसावले. "भावाच्या मशीनात बोल्ट?"

"राहू द्या," कालिंदी म्हणाली. आवाज तसाच हळू, पण गणपतराव मागं सरले. "बाळासो, टेबल मांडायचं तर खुशाल मांडा. या छपराखाली नाही. किल्ली माझ्याकडं द्या. लेथ विकला जाणार नाही. मोडला तरी नाही."

बाळासोनं खुंटीवरून काढलेली किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि तो निघून गेला.

गणपतरावांनी टोपी काढून परत घातली. "बाई, गिअर मी कापून देतो. फुकट."

"फुकट नको. जॉबवर्क म्हणून, तुमच्या दरानं. भोकं मात्र मीच पाडणार."

"लई हट्टी बाई हाय," ते अप्पांना म्हणाले, आणि हसले.

कालिंदीनं टेबलाच्या खणातून वसंतची कुंकवाची डबी काढली. आकारामनं झाकण उघडून तुटका गिअर काढून दिला. झाकण परत लावून तिनं ते ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं. पाच बोटं कुंकवात बुडवली आणि सगळ्यांच्या देखत फटीवरून ओढली. आकारामनं हात जोडले.

मग तुटका गिअर फडक्यात बांधून तिनं पदर खोचला, आणि शेजारच्या वर्कशॉपच्या दिशेनं ती चालू लागली.